सीलला गरम होतं तेव्हा

मागच्या शनिवारी भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. पनवेलहून लोकल, कुर्ल्याला बदलून भायखळा, आणि तिथून चालत. एप्रिलमधली सकाळची अकराची वेळ. चालत म्हणजे दहाच मिनिटं, पण गेटपाशी पोचेपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि भाचीने पाण्याची अख्खी बाटली संपवली होती. तिला वाघबिघ काही बघायचे नव्हते. पेंग्विन म्हणजे पेंग्विन.

आत शिरलो आणि पहिल्यांदा जे वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो: पेंग्विन गेले खड्ड्यात, काय मस्त गार आहे इथे! काचेच्या अलीकडे आमच्यासारखी गर्दी, पलीकडे १६ ते १८ अंशात आरामात डुलणारे पेंग्विन. काचेच्या दोन्ही बाजूंचे प्राणी एकमेकांकडे बघत उभे. त्यातले घामेजलेले आम्ही.

भाचीचा प्रश्न लगेच आला. "मामा, एसी बंद पडला तर ह्यांचं काय होईल?"

मी म्हटलं, जनरेटर असतो. (आयटीवाल्याचं ठरलेलं उत्तर. बॅकअप आहे, काळजी नको.)

"आणि सील? सील पण बर्फातलाच ना? मग त्याला इथे आणलं तर?"

तिच्या कार्टूनमध्ये पेंग्विन आणि सील शेजारी राहतात, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मी "मरेल बिचारा" असं म्हणून मोकळा झालो. रात्री घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की मी सात वर्षांच्या मुलीला चक्क चुकीचं सांगितलं. सील फक्त बर्फात राहतो हे खोटं. हवाईच्या वाळूत सील लोळतात. भूमध्य समुद्रात आहेत, सहाराच्या किनाऱ्यावर आहेत, विषुववृत्तावरच्या गॅलापागोस बेटांवर आहेत. कॅरिबियन समुद्रातसुद्धा होते. १४९४ मध्ये कोलंबसच्या माणसांनी तिथे आठ सील मारल्याची नोंद आहे, शेवटचा खात्रीलायक सील १९५२ मध्ये दिसला आणि २००८ मध्ये ती जात अधिकृतपणे नामशेष म्हणून जाहीर झाली. त्यांना उन्हाने नाही मारलं. माणसाने मारलं.

आणि गंमत म्हणजे समोर दिसत होते ते पेंग्विनही बर्फातले नाहीत. ते हम्बोल्ट पेंग्विन. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. नकाशा उघडून बघा, पेरूची राजधानी लिमा दक्षिण अक्षांश १२ वर आहे, आपली मुंबई उत्तर अक्षांश १९ वर. म्हणजे ह्या पेंग्विनांचं माहेर विषुववृत्ताला आपल्यापेक्षा जवळ! फरक फक्त समुद्राचा. तिथे किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो, म्हणून त्यांचं जमतं. चोचीजवळची गुलाबी उघडी कातडी, पसरलेले पंख आणि उघडी चोच ही त्यांची उष्णता बाहेर टाकायची साधनं, आणि तेवढ्याने नाही भागलं तर उडी मारायला गार समुद्र. मुंबईचा समुद्र उन्हाळ्यात २८-३० अंशांचा असतो. त्यात उडी मारून काय होणार? आपल्यालाही जुहूला पाय बुडवले की गार वाटत नाही, चिकट वाटतं.

तर सील. विषय इतका छान निघाला की रविवार त्यातच गेला.

सीलच्या अंगाभोवती चरबीचा जाड थर असतो, ब्लबर. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट चांगलं उष्णतावाहक, त्यामुळे गार समुद्रात टिकायचं तर रजई लागतेच. आत शरीर आपल्यासारखंच, ३७ अंशांच्या आसपास. आता हीच रजई पांघरून दुपारी बारा वाजता हवाईच्या किनाऱ्यावर झोपायचं आहे. काढून ठेवता येत नाही. आपल्यासारखा अंगभर घाम सुटत नाही. इंजिनियर म्हणून विचार केला तर डिझाइन फसलेलं आहे. आपल्या लॅपटॉपला गोधडीत गुंडाळून त्यावर गेम खेळण्यासारखं.

पण निसर्गाने इथे फार सुंदर काम केलंय. ब्लबरच्या आरपार रक्तवाहिन्या जातात. कातडीच्या अगदी लगत धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणारे बारीक बायपास असतात. थंडीत ते बंद. रक्त आतल्या आत फिरतं, कातडी जवळपास पाण्याइतकी गार पडते आणि रजई रजईचं काम करते. गरम व्हायला लागलं की बायपास उघडतात, गरम रक्त रजई ओलांडून थेट कातडीपर्यंत येतं आणि उष्णता बाहेर. म्हणजे रजई अंगावरच, पण तिला खिडक्या आहेत, हव्या तेव्हा उघडणाऱ्या. २००३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांच्या एका गटाने पाण्याबाहेर आलेल्या सीलांचे इन्फ्रारेड कॅमेऱ्याने फोटो काढले, तर अंगावर गरम ठिपके उमटलेले दिसले. काही वेळाने ते ठिपके मोठे व्हायचे, मग विरून जायचे. शास्त्रज्ञ त्यांना औष्णिक खिडक्याच म्हणतात.

दुसरी जात, कान असलेले फर सील आणि सील लायन. फर सीलची रजई केसांची, केसांत हवा अडकवून केलेली. तिला खिडक्या पाडता येत नाहीत. मग सगळी भिस्त उघड्या वल्ह्यांवर, म्हणजे त्या चार फ्लिपरवर. गरम झालं की फर सील फ्लिपर पंख्यासारखे हलवतात. सील लायन पाण्यात आडवे पडून एक फ्लिपर हवेत धरून ठेवतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं बिचारा मदत मागतोय. (ही युक्ती थंडीतही चालते, तेव्हा उन्हात धरून गरम करायला. टू इन वन.)

आणि ह्यातलं काहीच पुरेनासं झालं की? मग शरीरशास्त्र संपतं आणि शहाणपण सुरू होतं. हवाईचा मंक सील कोरड्या वाळूत झोपत नाही, ओल्या वाळूत झोपतो. वरची वाळू तापली तर उकरून खालच्या ओलसर थरावर पोट टेकतो. झोपेत त्याचा श्वास आणि ठोके मंद होतात, म्हणजे आतली भट्टीच बारीक केली. कॅलिफोर्नियातले एलिफंट सील फ्लिपरने ओली वाळू स्वतःच्या पाठीवर उडवत बसतात. गॅलापागोसचे फर सील लाव्हाच्या कपारीत सावली धरून बसतात आणि भर दुपारी सरळ पाण्यात उतरतात. नर बिचारे हद्द राखायला किनाऱ्यावर थांबतात, पण उन्हाची हद्द झाली की हद्द सोडून तेही समुद्रात. थोडक्यात, दुपारी दुकान बंद. आमच्या पुणेकर दुकानदारांनी जगाची इतकी थट्टा सहन केली, पण विषुववृत्तावरचे सील त्यांच्याच बाजूने आहेत. :)

हे सगळं वाचताना मला सारखी आजोळची म्हैस आठवत होती. काळी कातडी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी. उन्हात तापायला जितकं वाईट डिझाइन करता येईल तितकं. आणि तरी कोकणातल्या दमट उन्हाळ्यात सुखाने जगते, कारण दुपारी डबक्यात बसते. नुसतं पाणी अंगावरून लगेच वाळतं, चिखल जास्त वेळ ओला राहतो आणि तितका वेळ थंडावा देत राहतो. आजोबा म्हशींना दुपारी डबक्यातून उठवायचे नाहीत. मी एकदा दगड मारून उठवली होती तर मलाच धपाटा बसला. "तिला कळतं तितकं तुला कळत नाही," म्हणाले. तेव्हा राग आला होता.

आता मुद्द्यावर येतो. कारण सील हा माझा मुद्दा नाहीये खरं तर.

उष्णता बाहेर टाकायचे मार्ग मोजून चार. शेजारच्या गार वस्तूला देणं, वाऱ्याला देणं, किरणांनी फेकणं आणि पाणी वाळवून घालवणं. पहिल्या तिघांची एकच अट, बाहेरचं जग तुमच्या कातडीपेक्षा गार हवं. बाहेर ३८ झालं की खिडकी उघडून उपयोग नाही, उलटं उष्णता आत येते. सीलचं रेडिएटर तिथे संपतं, म्हणून त्याला ओली वाळू आणि समुद्र लागतो. आपल्याकडे चौथा मार्ग आहे आणि त्यात माणूस प्राणिजगतात अव्वल आहे. वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तासाभरात वाळला तर जवळजवळ ६७५ वॉटचं कूलिंग! माझ्या ऑफिसच्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय एवढा नाही.

पण "वाळला तर". गळून गेलेला घाम, शर्टात मुरलेला घाम, नाकावरून टपकलेला घाम, ह्यांची किंमत शून्य. आणि वाळणार कुठे? हवा आधीच पाण्याने भरलेली. इथे पनवेलची गोष्ट सुरू होते.

नागपूरचा माझा रूममेट आमच्या उन्हाळ्याला हसायचा. "३४ ला काय रडता रे, आमच्याकडे ४२ असतं." मी त्याला तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आता देतो. ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर जे तापमान दिसतं त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घामाने ओलं झालेलं अंग जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल त्याचा हा ढोबळ आकडा. त्याचं सूत्र मिळतं, मी पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहून बघितलं. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता, वेट बल्ब साधारण २२. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता, वेट बल्ब २९ च्या वर. रूममेटचं नागपूर २२ आणि माझं पनवेल २९! (ऊन वेगळं, लू वेगळी, ते त्रास खरेच आहेत. पण घामापुरतं बोलायचं तर आम्ही हरलोय.)

हा आकडा ३५ ला पोचला की तरुण, धडधाकट, सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत नागडा बसलेला माणूसही काही तासांत मरेल, असं शेरवूड आणि ह्यूबर या दोघांनी २०१० मध्ये गणित मांडून दाखवलं. मग २०२२ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात खऱ्या तरुण निरोगी माणसांना बसवून मोजलं, तर दमट हवेत शरीराचा तोल त्याच्या कितीतरी आधी, ३०.६ च्या आसपासच सुटायला लागतो असं दिसलं. आमच्या २९ पासून ते फार लांब नाही. आणि हे तरुणांचं. साठीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, उपाशी माणसांचं वेगळं.

१६ एप्रिल २०२३, रविवार. खारघर. आमच्याच महापालिकेत येतं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम मोकळ्या मैदानावर होता, लाखो लोक आले होते, मंचावर छप्पर होतं आणि समोर बसलेल्यांवर आकाश. तापमान ३८ च्या आसपास होतं. सरकारी आकड्यानुसार उष्माघाताने १४ जण गेले.

माझी आत्या त्या मैदानावर होती. अलिबागच्या बाजूच्या त्यांच्या गावातून बस भरून आले होते सगळे. सकाळी लवकर येऊन बसलेले. परतताना तिची तब्येत बरी वाटेना म्हणून बसमधल्या लोकांनी तिला आमच्याकडे सोडलं. दारात उभी राहिली तेव्हा चेहरा लालबुंद, बोलणं जडावलेलं. आल्या आल्या उलटी झाली. आईने तिला फरशीवर निजवलं, ओली चादर घातली, मी टेबलफॅन आणून तोंडावर लावला आणि डॉक्टरांना फोन केला. ती वाचली, चांगली आहे, आजही माझ्या लग्नाच्या मागे लागलेली असते. पण त्या रात्री बातम्यांमध्ये आकडा वाढत होता आणि आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला होता, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती काय म्हणाली ते मला पक्कं आठवतं. "उन्हाचं काय रे, शेतात जन्म गेला आमचा. ऊन नाही लागलं. वाराच नव्हता. चहूकडे माणूसच माणूस."

तेव्हा मला हे म्हातारं माणूस काहीतरी बोलतंय असं वाटलं होतं. सीलच्या नादाने वाचायला लागल्यावर कळलं, तिने सगळं फिजिक्स दोन वाक्यांत सांगितलं होतं. शेतात ऊन तेवढंच असतं, पण वारा असतो, झाडाखाली जाता येतं, दुपारी काम थांबवता येतं, विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतता येतं. म्हणजे सीलचीच सगळी साधनं. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. लाखो माणसं मांडीला मांडी लावून बसवलीत तर तो लाखो बल्बांचा गालिचा झाला. मधल्या माणसाला वारा नाही, कडेने उष्णता सोडायला जागा नाही, शेजारी आपल्याइतकाच गरम. घाम येतोय पण वाळत नाहीये. आणि पाणी प्यायला किंवा सावलीला उठायचं म्हटलं तर शेकडो लोकांना ओलांडून जायचं, तेही आपल्या श्रद्धास्थानासमोर. कोण उठेल? आत्या तर मुळीच नाही. सील गर्दीतून उठून समुद्रात गेला असता. त्याला लोक काय म्हणतील हा प्रश्न नसतो.

त्या घटनेनंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत अशी घोषणा केली. ठीकच आहे. आजोबा म्हशींच्या बाबतीत ते विनाघोषणा करत होते.

मला चीड कशाची येते सांगतो. उष्णता कशी काढायची हे आपल्याला माहीत नाही असं नाहीये. आमच्या ह्याच पनवेलमध्ये २०२० मध्ये योट्टाचं एनएम-१ नावाचं अवाढव्य डेटा सेंटर सुरू झालं, हजारो रॅकचं. सर्व्हर १८ ते २७ अंशांत ठेवावेत असा जगभरचा संकेत आहे. डेटा सेंटरच्या धंद्यात रॅक कसे मांडायचे, कुठल्या बाजूने गार हवा आत, कुठल्या बाजूने गरम हवा बाहेर, दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये पडदा कुठे, याचं एकेक इंच ठरलेलं असतं. रॅक एकमेकांना चिकटवून मधली वाट बंद करा असं कुणी सुचवलं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील. राणीच्या बागेत २०१६ च्या जुलैमध्ये सोलहून आठ पेंग्विन आणले, त्याच ऑक्टोबरमध्ये त्यातला एक मेला, केवढा गदारोळ झाला. व्हायलाच हवा होता. मला तर पेंग्विन आणणं आजही पटत नाही. पण आणलेत ना, मग १६ अंश हा त्यांचा हक्क आहे, त्यावरून "माणसाला पाणी नाही आणि पक्ष्याला एसी" असले टोमणे मारणारे मला आवडत नाहीत. पक्ष्याचा एसी काढून माणसाला पाणी मिळणार नाहीये. माझं म्हणणं उलटं आहे. पेंग्विनसाठी आणि सर्व्हरसाठी जो प्रश्न आपण न चुकता विचारतो, ह्याची उष्णता जाणार कुठून, तो माणूस बसवताना का विचारत नाही?

आणि आपण आकडाही चुकीचा बघतो. रोज मोबाइलवर "३४ अंश" बघून "आज ठीक आहे" म्हणतो. हवामान खात्याच्या व्याख्येत किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, असं दोन्ही लागतं. आर्द्रता त्या व्याख्येत नाही. खातं हल्ली "उष्ण आणि दमट" असे इशारे वेगळे देतं, पण "लाट" शब्दाने जशी बातमी होते तशी "दमट" शब्दाने होत नाही. दमट म्हटलं की लोकांना केस चिकट होणं आठवतं. मरण आठवत नाही.

बरं, हे सगळं सरकारच्या नावाने खडे फोडून संपवता आलं असतं, पण माझ्याच बिल्डिंगच्या गेटवर गाडी अडली.

आमच्या सोसायटीत वॉचमनची केबिन आहे, पत्र्याची. पश्चिमेला तोंड. एक छोटी सरकती खिडकी. वॉचमनकाका जालन्याकडचे, पन्नाशीचे, टेरिकॉटचा गडद निळा युनिफॉर्म आणि बूट. दुपारी बारा वाजले की ते खुर्ची उचलून स्टिल्ट पार्किंगमध्ये पिलरजवळ येऊन बसतात. तिथे रस्त्याकडून आरपार वारा येतो. गेट तिथूनही दिसतं. दोन महिन्यांपूर्वी कमिटीने नोटीस लावली: सुरक्षारक्षकाने ड्युटीच्या वेळेत केबिनमध्येच बसावे. कारण काय, तर पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेला वॉचमन "बरा दिसत नाही", फ्लॅट बघायला येणाऱ्यांवर इम्प्रेशन खराब पडतं. मी ती नोटीस वाचली होती. वाचून लिफ्टमध्ये शिरलो होतो. त्याच दुपारी जेवण ऑर्डर केलं होतं आणि डिलिव्हरीचा मुलगा लिफ्ट "सर्व्हिसची" नाही म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने आला होता, हेही लिहून टाकतो. घाम त्याच्या हनुवटीवरून माझ्या पार्सलवर पडला आणि मला त्याची किळस आली होती. आज कसली आली त्याची लाज वाटते.

तर गेल्या आठवड्यात मी सहाशे रुपयांचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र मागवलं. बुधवारी घरून काम होतं. दुपारी अडीचला खाली गेलो आणि काकांना विचारलं, "काका, जरा हे केबिनमध्ये ठेवू का?" ते म्हणाले, "ठेवा की साहेब, पण वितळलं तर मला बोलू नका." केबिनमध्ये ३९ अंश, ५० टक्के. पिलरजवळ ३४ अंश, ६६ टक्के. हवेतलं पाणी दोन्हीकडे तेवढंच, अंतर पंधरा पावलांचं. वेट बल्ब काढला: केबिनमध्ये ३०, पिलरजवळ साडेअठ्ठावीस. वर पत्र्याची धग आणि बंद हवा ह्या आकड्यात धरलेलीच नाही. पेन स्टेटची पोरं ३०.६ ला ढेपाळायला लागली होती, आणि ती पोरं टेरिकॉटच्या युनिफॉर्ममध्ये बारा तासांच्या ड्युटीवर नव्हती.

काकांना आकडे दाखवले. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "आत घाम वाळत नाही," म्हणाले, "म्हणून तर बाहेर बसायचो." आत्यासारखंच. ज्याला होतं त्याला मोजावं लागत नाही.

आज रात्री साडेआठला सोसायटीची मीटिंग आहे. माझ्या मागण्या तीन: नोटीस काढा, खुर्ची पिलरजवळ राहील, केबिनच्या पत्र्यावर पांढरा रंग आणि आत पंखा, आणि उन्हाळ्यात दुपारी डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट. चेअरमनकाका म्हणणार की बजेट नाही, सेक्रेटरी म्हणणार की पुढच्या एजीएममध्ये घेऊ, आणि चौथ्या मजल्यावरचा पोरगा यंत्र घेऊन आलाय म्हणून दोघंतिघं हसणार. भाचीने फोनवर सल्ला दिलाय की त्यांना आधी सीलची गोष्ट सांग. मला वाटतं मी मीटिंगच केबिनमध्ये भरवायचा ठराव मांडावा. फार नाही, दहा मिनिटं. दार लावून.